पायी चालणाऱ्यांचे काय?

महोदय,

महामार्गांवरील वाढत्या अपघातांविषयी आपल्या अंकातील वृत्त वाचले. चालकांच्या बेशिस्तीबद्दल त्यात लिहिले ते खरेच आहे, पण पादचाऱ्यांचा साधा उल्लेखही नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्याच अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ३२,८२५ जण पायी चालणारे होते.

अमरावती रोडवर वाडीजवळ मी रोज सकाळी पाहतो. डबा घेऊन कामावर निघालेल्या बाया पदर खोचून दुभाजकावर उभ्या असतात, ट्रकांच्या रांगेत फट पडण्याची वाट बघत. यांना बेशिस्त कसे म्हणायचे?

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना किंवा देखभाल निकषांनुसार नसल्याने कुणाचा मृत्यू झाला, तर संबंधित यंत्रणा, कंत्राटदार आणि सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. पादचारी दगावला की चालकाबरोबर त्या रस्त्याचीही चौकशी व्हायला हवी. खात्याचे मंत्री नितीन गडकरी नागपूरचेच खासदार आहेत. सुरुवात इथूनच करावी, ही त्यांना कळकळीची विनंती.

– एक वाचक, वाडी, नागपूर