कपाटात चारच बाटल्या होत्या, साहेब

प्रति,
मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री, नवी दिल्ली

महोदय, सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात सोयाबीनच्या गंजीवरची ताडपत्री ओढताना माझ्या बायकोच्या बोटाला घोणस चावली. ग्रामीण रुग्णालय अर्ध्या तासावर. डॉक्टर म्हणाले, विषावरच्या उताऱ्याच्या सुरुवातीलाच दहा बाटल्या लागतील आणि कपाटात चार आहेत. चार लावल्या आणि पुढे पाठवलं. साठ किलोमीटर, रात्रीचा रस्ता, गाडीत तिच्या हिरड्यांतून रक्त. मग मूत्रपिंडं थांबली. नऊ वेळा डायलिसिस, दोन गाई विकल्या, बोट काढलं. माणूस तेवढं हाती लागलं.

डायलिसिसच्या बाहेर बाकड्यावर बसून मी मोबाइलवर तुमचं जैवतंत्रज्ञानाचं बायोई-थ्री धोरण वाचलं. ऑगस्ट 2024 मध्ये मंजूर झालेलं. जीवाणूंना हवं ते रसायन बनवायला लावणार, 2030 पर्यंत जैव-अर्थव्यवस्था 300 अब्ज डॉलरची करणार! वाचून अभिमान वाटला. समोर बायकोच्या नळीतून रक्त फिरत होतं.

आमचा सर्पदंशावरचा उतारा मात्र अजून घोड्यातून येतो. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तातून औषध काढायचं, ही पद्धत 1890 च्या दशकातली. त्यात विष बहुतेक तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सोसायटीचं. साप एकच असला तरी प्रदेशागणिक विष बदलतं, हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलेच (आयआयएससी) शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे घोणस आमची आणि उतारा दुसरीकडच्या घोणशीचा.

जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतले शास्त्रज्ञ डेव्हिड बेकर यांच्या गटाने संगणकावर आखलेली प्रथिनं जीवाणूंकडून बनवून घेतली आणि नागाच्या विषातल्या मारक घटकापासून उंदीर वाचवले. घोडा नाही, काही नाही. ते नागवर्गाच्या विषावर आहे, घोणशीवर नाही, हे मला कळतं. मग घोणशीवरचं कोण करणार, अमेरिका? त्यांच्याकडे घोणस आहे का?

या देशात वर्षाला सरासरी 58 हजार माणसं सर्पदंशानं जातात. दिवसाला दीडशेच्या वर. रोज एवढी माणसं विमान पडून मेली असती तर दिल्लीत कोणाला झोप आली असती? पण ही शेतातली, अनवाणी माणसं.

तुम्ही म्हणाल, आरोग्य हा राज्याचा विषय. राज्य म्हणतं, खरेदी वरून अडली. वरचे म्हणतात, मागणीपत्रच आलं नाही. साप तेवढा सगळ्यांच्या अखत्यारीत फिरतो. राज्याच्या शेतकरी अपघात योजनेत ती मेली असती तर दोन लाख मिळाले असते. हात गेला असता तर एक. बोटाला तक्त्यात रकानाच नाही. तिचं चुकलंच, जगली.

मागणं दोनच आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात निदान वीस बाटल्या, आणि त्या 300 अब्जांतून घोणशीच्या उताऱ्यासाठी काहीतरी. किती, ते तुम्हीच ठरवा.

पुढच्या आठवड्यात कांदा लागवड आहे, त्याच रानात. तिला गमबूट आणलेत. चावली होती हाताला, पण दुकानात तेवढंच मिळालं.

आपला,
एक कोरडवाहू शेतकरी