गोल्फची हिरवळ आणि उसाची जमीन

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मॉरिशसमध्ये स्थायिक झालेल्या एका बेळगावकर गृहस्थांचा, तेथील गोल्फ आणि हॉटेलांतील खाण्यापिण्याविषयीचा लेख वाचला. लेख रंजक आहे आणि खेळातील लेखकाची जाण त्यातून दिसते, हे आधीच नमूद करतो. मी स्वतः त्याच बेटावर साखर कारखान्याच्या यंत्रविभागात नोकरीनिमित्त काही वर्षे राहिलो आहे. त्यामुळे त्या लेखात जे आले नाही, ते गोकाक, रायबाग, चिकोडी, हुक्केरी या ऊसपट्ट्यातील वाचकांपुढे यावे असे वाटले. लेखकाने ज्या प्रकारच्या मैदानांची वाखाणणी केली आहे, त्यांतील कित्येक मैदाने एका पिढीपूर्वी साखर कंपन्यांच्या इस्टेटीत मोडत होती.

मैदाने उत्तम आहेत, यात वाद नाही. पूर्व किनाऱ्यालगतच्या इल ओ सेर्फ या छोट्या बेटावरचे, जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लँगर यांनी आखलेले अठरा होलचे मैदान २००३ साली सुरू झाले. तेथे खेळायला होडीने जावे लागते. सकाळच्या फेरीत समोर निळेशार पाणी, मध्ये काळ्या ज्वालामुखीय दगडांचे बांध आणि सतत अंगावर येणारा आग्नेयेकडचा वारा. टीवरून, म्हणजे फटक्याच्या सुरुवातीच्या जागेवरून, मारलेला चेंडू खाडी ओलांडून पलीकडच्या गवतावर पडेपर्यंत भल्याभल्यांचा जीव वरखाली होतो. आम्हाला कारखान्याच्या पाहुण्यांसोबत अधूनमधून तेथे जाण्याचा योग येत असे, आणि खेळण्यापेक्षा दगडांत चेंडू शोधण्यातच बहुतेकांची फेरी संपत असे. मात्र हे एक मैदान म्हणजे सगळे मॉरिशस नव्हे.

दक्षिणेकडील बेल ओंब्र येथील मैदानाचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथील साखर कारखाना १९९९ मध्ये बंद झाला आणि त्याच इस्टेटीवर पुढे हॉटेले, बंगले आणि गोल्फ उभे राहिले. इस्टेटीच्या मालकांचा जुना वाडा आज महागडे उपाहारगृह आहे आणि त्याच्या व्हरांड्यातून थेट हिरवळ दिसते. पश्चिमेचे तामारिना, पूर्वेचे गोल्फपटू एर्नी एल्स यांनी आखलेले अनाहिता, ही मैदानेही साखर कंपन्यांच्याच जमिनींवरची. काही ठिकाणी हिरवळ संपते तेथे आजही ऊस उभा असतो, आणि तोडणीच्या हंगामात त्यावरून ट्रॅक्टरचा आवाज आणि मळीचा वास येतो, जो आपल्याकडच्या कोणालाही डोळे मिटून ओळखता येईल.

हे स्थित्यंतर कसे झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. १९७५ पासून एका करारानुसार युरोपीय बाजारपेठ मॉरिशसकडून दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर हमीदराने घेत असे आणि हा दर बहुतेक वर्षी जागतिक दराहून बराच अधिक असे. सारे बेट त्या दरावर चालले होते. पुढे युरोपीय संघाने २००६ पासून टप्प्याटप्प्याने दरात ३६ टक्के कपात केली आणि २००९ मध्ये तो करारच संपुष्टात आला. त्याची चाहूल आधीच लागलेली असल्याने सरकारने २००२ मध्ये एक योजना आणली, जिच्याखाली परदेशी माणसाला, सुरुवातीला किमान पाच लाख अमेरिकी डॉलर मोजून, साखर इस्टेटींवर उभ्या राहणाऱ्या निवासी संकुलांत बंगला विकत घेता येऊ लागला. अशा संकुलाला गोल्फ जोडले की बंगल्याचा भाव चढतो, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. एकेकाळी वीसच्या आसपास असलेले साखर कारखाने आज तीनवर आले आहेत.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तेथील कारखाने बंद करताना आणि शेतमजूर कमी करताना रोख भरपाईबरोबरच घर बांधण्यापुरता जमिनीचा तुकडाही देण्यात आला. उरलेल्या कारखान्यांनी चिपाडापासून वीज करून राष्ट्रीय जाळ्याला विकण्याचा जोडधंदा नीट बसवला. आपल्याकडे बेळगावजवळ हलगा-मच्छे बायपाससाठी पिकाऊ जमिनी देण्याच्या वेळी शेतकऱ्यांना किती वर्षे झगडावे लागले, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये टनाला ३,५०० रुपये दर मिळावा म्हणून बेळगाव जिल्ह्यातील गुर्लापूर क्रॉसवर ऊसकऱ्यांना रस्त्यावर कसे बसावे लागले, हे आठवले की त्या तुकड्याचे मोल कळते. परंतु भरपाई मिळालेल्या मजुराच्या मुलाला पुढे काम मिळाले ते बहुधा त्याच मैदानावर गवत कापण्याचे, बग्गी धुण्याचे किंवा हॉटेलात ताटे उचलण्याचे. आणि दोन-चार एकरांचे छोटे ऊस उत्पादक, ज्यांना ना भरपाई ना गोल्फ, त्यांतील अनेकांनी ऊस सोडून जमीन पडीक टाकली.

मैदानांच्या गवताला लागणाऱ्या पाण्याचा मुद्दाही लेखात आला नाही. बेटावर पाऊस भरपूर, पण तो मुख्यतः मधल्या पठारावर, आणि तेथील उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ओढ देणारा. पठारावरील वाक्वा या गावाजवळच्या मोठ्या जलाशयाची पातळी खाली गेली की वस्त्यांत ठरावीक वेळीच पाणी सोडतात. राकसकोप जलाशय आटल्यावर बेळगावात काय होते, हे ठाऊक असणाऱ्याला अधिक सांगायला नको. सांडपाणी शुद्ध करून गवताला देण्याची सोय काही हॉटेलांनी केली आहे, ती चांगलीच आहे.

आता खाण्याविषयी. लेखकाने हॉटेलातील सात-आठ पदार्थांची जेवणे, ताडाच्या जातीच्या झाडाच्या कोवळ्या गाभ्याचे सॅलड, हरणाचे मांस यांचे रसभरीत वर्णन केले आहे. त्या एका सॅलडसाठी सुमारे सात वर्षे वाढवलेले झाड तोडावे लागते, एवढेच त्यात भर घालतो. पण त्या बेटावर माणसे खरोखर बाहेर जे जेवतात, ते राजधानी पोर्ट लुईच्या आणि रोझ हिल या गावाच्या पदपथावर. पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून, हळद-जिरे घालून, पीठ होईपर्यंत बारीक करून मैद्याच्या पारीत भरतात आणि पुरणपोळीहून पातळ लाटून तव्यावर तेलावर भाजतात. ही दालपुरी एकटी कधी मिळत नाही, जोडीनेच मिळते. तिच्यावर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा रस्सा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा ओतून, कागदात गुंडाळून हातात देतात आणि गिऱ्हाईक उभ्यानेच, रस मनगटापर्यंत ओघळू न देता खाण्याचा प्रयत्न करते. ऑफिसचा साहेब आणि गोदीतला हमाल एकाच रांगेत असतात. दुपार उलटली की पुरी संपलेली असते.

ही पुरी तेथे नेली ती १८३४ पासून बोटीने आणलेल्या गिरमिटियांनी, म्हणजे करारबद्ध मजुरांनी. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या चढून साडेचार लाखांवर माणसे त्या बेटावर उतरली, आणि त्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडील, म्हणजे आंबोली घाट उतरला की लागणाऱ्या मुलखातील मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांमुळे गणेश चतुर्थीला तेथे आज सार्वजनिक सुट्टी असते. इस्टेटीतले दगड वेचून, रचून ज्यांनी जमीन उसाला योग्य केली ते हेच लोक. गोल्फच्या हिरवळीकडेला दगडांचे जे ढीग शोभेसाठी राखलेले दिसतात, त्यांतील कित्येक त्यांच्याच हातचे आहेत.

खेळूच नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. आपल्या कॅम्पातील गोल्फ मैदान बहुतेक बेळगावकरांना ठाऊक झाले ते २०२२ च्या ऑगस्टमध्ये तेथे बिबट्या दडला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि शोधासाठी सक्रेबैलच्या हत्ती-छावणीतून हत्ती आणले तेव्हा. त्यामुळे खेळाविषयी कोणी जाणकार लिहीत असेल तर ते हवेच आहे. त्यांना विनंती एवढीच की, पुढील लेखात त्यांनी वाक्वाच्या जुन्या जिमखान्यावरही एखादी फेरी खेळावी, जेथे पठारावरच्या रिमझिमीत स्थानिक मंडळी खेळतात; आपला कॅडी (सामान वाहणारा मदतनीस) किंवा बग्गीचालक कोणत्या गावचा, त्याच्या घरचा ऊस कधी संपला, हे विचारावे; आणि संकुलातील बंगल्यांच्या विक्रीतून गावाच्या वाट्याला काय आले, याची चौकशी करून ती आपल्या वाचकांना कळवावी. ऊसपट्ट्यातील वाचक ती नक्की वाचतील.

आपला,
एक वाचक (निवृत्त साखर अभियंता)
टिळकवाडी, बेळगाव