बिघाड समोर येईपर्यंत थांबलेल्या मेकॅनिक काकांस आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

वडिलांना हृदयाच्या तपासणीसाठी बडोद्याहून अहमदाबादला न्यावे लागते, हे आपल्याला ठाऊक आहेच. द्रुतगती मार्गाच्या ९३ किलोमीटरांत गारेगार चालणारा आमच्या गाडीचा एसी अहमदाबादेत शिरतानाच्या सीटीएम चौकातल्या खोळंब्यात नेमका गरम हवा फेकू लागे आणि थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा सुरळीत होई. सकाळी थंड इंजिनावर गाडी तपासणाऱ्यांना दोष दिसतच नसे. त्यामुळे एकाने गॅस भरून दिला, तर दुसऱ्याने गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसरच बदलण्याचा खर्च सांगितला.

आपण मात्र गाडी भर दुपारी प्रतापनगरच्या उन्हात इंजिन सुरू ठेवून उभी केली, गॅसचा दाब मोजणारे गेज लावले आणि हातातली इतर कामे सांभाळत दोष प्रकट होण्याची वाट पाहिली. गार हवा येत असताना दोन्ही बाजूंचे दाब योग्य होते, म्हणून गॅसला हात लावायचा नाही, हे आपण तिथेच ठरवले. मग हवा गरम झाली, गेजचे दोन्ही काटे हळूहळू एकमेकांजवळ सरकले आणि आपण मला बॉनेटखाली वाकून पाहायला सांगितले: पट्ट्यावर पुली फिरत होती, पण तिच्या पुढची क्लचची प्लेट, जी पुलीला चिकटली तरच कॉम्प्रेसर फिरतो, जागच्या जागी उभी होती. गॅस थंड करणाऱ्या कंडेन्सरचा पंखाही चालू होता, म्हणजे दोष तिथे नव्हता.

यापुढचे आपले काम मला सर्वांत मोलाचे वाटते. आपण क्लचचा कनेक्टर काढला नाही, तर जोडलेलाच ठेवून मागून पिना घातल्या आणि व्होल्टेज मोजले, कारण सैल जोड असला तरी कनेक्टर सोडवल्यावर मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवू शकतो. तिथे पुरेसे व्होल्टेज मिळताच क्लचला वीज जोडणारा रिले, गॅसच्या दाबानुसार ती तोडणारा प्रेशर स्विच आणि वायरिंग एका झटक्यात संशयातून सुटले. उरली क्लचची कॉइल, म्हणजे प्लेटला ओढून घेणारा तांब्याच्या तारेचा विद्युतचुंबक, आणि पुली व प्लेट यांमधली फट. तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के वाढतो. म्हणजे कॉइल ७० अंशांनी तापली की तिच्यातला प्रवाह साधारण पाचव्या भागाने घटतो, आणि चुंबकाची ओढ त्याहूनही जास्त कमी होते. आधीच चिकटलेली प्लेट तेवढ्या ओढीवरही टिकते, पण एकदा सुटली की झिजून वाढलेल्या फटीतून तिला परत खेचून घेणे कॉइलला जमत नाही. इंजिन बंद करून आपण फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, तीन ठिकाणी घालून दाखवला, तेव्हा फट प्रमाणाच्या जवळपास दुप्पट निघाली.

प्लेटमागची एक पातळ शिम, म्हणजे चकती, काढून फट बसवली, कॉइलचा रोध गरम असतानाच तपासला आणि पुन्हा तितकाच वेळ उन्हात गाडी चालू ठेवून खात्री केली. नवा भाग एकही लागला नाही. मजुरी सांगताना आपण संकोचलात, तेव्हा मला फार वाईट वाटले. ज्या निदानामुळे कॉम्प्रेसरचा खर्च वाचला, त्याचे दाम तर त्या मजुरीहून किती तरी अधिक असायला हवे होते.

त्यानंतर ऐन मे महिन्यातही सीटीएमच्या गर्दीत वडिलांना घाम आला नाही. त्यांनी आपल्याला मुद्दाम नमस्कार सांगितला आहे. आपल्याकडे शिकणारा मुलगा त्या दिवशी प्रत्येक आकडा वहीत टिपत होता. त्याचेही आभार कळवावेत. पुढच्या उन्हाळ्याआधी फट पुन्हा मोजून घ्यायला गाडी आणतो.

आपला कृतज्ञ,
दांडिया बाजारातील एक ग्राहक