रूथला, ठाण्याहून

चि. रूथ हिस,

शालोम आणि अनेक आशीर्वाद.

काल तू फोन मध्येच कट केलास, तरी मी रागावलेले नाही. लग्नाच्या नोंदणीला तिथे जेरुसलेमच्या कचेरीतल्या बाईंनी आपण यहुदी असल्याचा पुरावा म्हणून तुझ्या आजीचे कागद मागितले आणि तू माझ्यावर ओरडलीस, "आपल्या घरात एक कागद धड नाही!" कागद आहेत गं. एका जागी नाहीत आणि एका नावावरही नाहीत, एवढंच. त्या बाई आणखी काही बोलल्या का? तुझा आवाज बरा वाटला नाही.

माझी आणि पप्पांची केतुबा, म्हणजे आपला लग्नाचा करारनामा, लॉकरमध्ये आहे. घडीवर फाटली तिथे पप्पांनी चिकटपट्टी लावली होती, तिच्याखालची शाई पिवळी पडलीय, पण साक्षीदारांच्या सह्या स्वच्छ वाचता येतात. आजीची केतुबा २००५ च्या पुरात गेली. तिचं लग्न अलिबागच्या मागेन आबोथ सिनेगॉगमध्ये, आपल्या प्रार्थनामंदिरात, लागलं होतं, तेव्हा तिथलं लग्नाचं रजिस्टर बघायला मोझेसमामाला सांगितलंय.

नावांवर मात्र अडू नकोस. आजोबा घरात झिराडकर, पण रेल्वेच्या सर्व्हिस बुकात सॅम्युएल एझिकेल: स्वतःचं नाव, पुढे वडिलांचं, आडनाव गायब. त्यांचे आजोबा तर अबाजी. आपल्या बेने इस्रायली यहुद्यांनी कोकणात अब्राहमचा अबाजी केला, सॅम्युएलचा सामाजी. नुसत्या इंग्रजी स्पेलिंगवर शोधशील तर तीन पिढ्यांची तीन वेगळी घराणी वाटतील. गाव धरून शोध. पेणकर, रोहेकर, दिवेकर, सगळ्यांची गावं आडनावातच आहेत.

आणि १७९६ च्या मागे जाण्याचा हट्ट नको. सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत शाआर हारहामीम बांधलं ते त्या साली, आपल्यातलं पहिलं सिनेगॉग. त्याआधी लग्नं अंगणात लागायची, रजिस्टर असणार कुठून? नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, हे सगळं तोंडातोंडी आलेलं. नवगावला पुरलेल्यांच्या दगडावर नावं नाहीत. म्हणून ते आपले नाहीत का? हे त्या बाईंना सांगू नकोस. पण तू स्वतः मनाला लावून घेऊ नकोस.

बघ, मी परत तिथेच आले.

पणजीची कबर मात्र सापडली. चुन्याखाली अक्षरं बुजली होती. मामा तारेचा ब्रश घेऊन निघाला होता, मी हात धरला. सकाळच्या तिरक्या उन्हात नुसतं पाणी शिंपडलं आणि मराठी ओळ उठून आली. नवऱ्याचं नाव आहे, बापाचंही. म्हणजे आईकडून आणखी एक पिढी मिळाली. फोटो पाठवते.

तुझ्याकडे जेरुसलेम आहे. राष्ट्रीय ग्रंथालयात जा, यहुदी इतिहासाच्या केंद्रीय अभिलेखागारातही जा. हाईम सॅम्युएल केहिमकरांचा बेने इस्रायलींचा इतिहास आधी वाच. १८९७ चं लिखाण, छापलं १९३७ साली तेल अवीवला. त्यात चालीरीती, घराणी, सगळं आहे. आणि दिमोनाच्या आत्याला भेट. तिचं बोलणं लागट असतं, माहीत आहे मला, पण दाऊदकाकांच्या पेटीची किल्ली तिच्याकडेच आहे. काका १९६४ ला जेरुसलेमच्या धरण्यात बसले होते. तेव्हाही तिथले रब्बी, म्हणजे धर्मगुरू, हेच विचारत होते, आईची आई कोण, तिची आई कोण. शेवटी क्नेसेटला, तिथल्या संसदेला, ठराव करावा लागला की बेने इस्रायल पूर्ण यहुदी आहेत. काकांनी तेव्हा आजोबांना लिहिलेलं पत्र मी लहानपणी ऐकलंय, मराठीत, मोडक्या अक्षरात. ते आत्याकडे असेल तर मला हवंय.

फार भाषण झालं, माफ कर. तू एकटीनं तिथे नोकरी धरलीस, हिब्रूत भांडतेस, मला केवढा अभिमान वाटतो. भीती एवढीच की कुणी टेबलापलीकडून विचारलं की तू मान खाली घालशील. घालू नकोस. डॅनियलला बरोबर ने.

मूळ केतुबा पोस्टानं पाठवणार नाही, मी येईन तेव्हा हातानं आणीन. तोवर स्कॅनवर चालतं का ते विचार. आणि लग्नाआधी मलिदा, आपला पोह्यांचा नैवेद्य, आपल्या घरीच करायचा. पोहे मी इथूनच आणते.

तुझी,
आई