वाटपाचे फोटो छापणे थांबवावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून उजाडला की जिल्हा पुरवण्यांत एक फोटो हमखास येतो. मागे फ्लेक्स, पुढे सात-आठ पाहुणे आणि त्यांच्या गुडघ्याशी बसवलेली मुलांची रांग, प्रत्येकाच्या छातीशी वह्यांचा गठ्ठा. खाली फोटोओळ असते, ‘गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना शालेय साहित्याचे वाटप’. शाळेचे आणि गावाचे नावही दिलेले असते. दुसरा फोटो बारमाही आहे. कोणाच्या तरी वाढदिवसानिमित्त बालगृहातल्या मुलांसोबत कापलेला केक. हे फोटो पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, अनेकांनी वह्यांसाठी पदरमोड केलेली असते. पण उद्या वर्गात ‘तू पेपरात आलास, फुकटच्या वह्या घेताना’ हे ऐकावे लागते ते त्या मुलाला. त्याच्या बाजूने कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आधी कायद्याचे सांगतो, कारण संस्थांना आणि वार्ताहरांनाही तो फारसा माहीत नसतो. बालन्याय कायदा, २०१५ चे कलम ७४ ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या’ मुलाचा फोटो, नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील वृत्तपत्रात वा इतर माध्यमात प्रसिद्ध करायला मनाई करते. बालकल्याण समितीने बालगृहात ठेवलेली मुले या व्याख्येत येतात. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलाच्या हिताचे असेल तरच समिती कारणे लेखी नोंदवून परवानगी देऊ शकते. अधीक्षकांनी ‘घ्या हो फोटो’ म्हटले म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांसाठी पोक्सो कायद्याचे कलम २३ आहे, त्यात कुटुंबाचा आणि वस्तीचा तपशीलसुद्धा वर्ज्य आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या गोपनीयतेसाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे. केकच्या फोटोत मुलांचे चेहरे आणि मागे बालगृहाचे नाव दिसते, तेव्हा हा प्रश्न फोटो पाठवणाऱ्या संस्थेइतकाच छापणाऱ्या वृत्तपत्राचाही होतो. डोळ्यांवर काळी पट्टी मारून काही साधत नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलाला हनुवटी, कान आणि शर्टाच्या चौकड्या ओळखीला पुरतात.

आता परवानगीचे. वाटपाच्या रांगेत घेतलेली परवानगी ही परवानगी नसते. ज्याच्या हातात शिध्याची पिशवी आहे तोच ‘फोटो काढू ना?’ असे विचारतो, तेव्हा समोरच्याला नाही म्हणणे परवडत नाही. पुराच्या वेळी तर हे फारच होते. घरातला चिखल काढून थकलेल्या बाईला पिशवीचा एक बंद स्वतःच्या हातात आणि दुसरा पाहुण्यांच्या हातात धरून कॅमेऱ्याकडे बघायला लावले जाते. यावर उपाय साधा आहे. मदत आधी द्यावी आणि तिथे कॅमेरा काढूच नये. फोटो हवाच असेल तर दोन-चार दिवसांनी जावे, आणि विचारणारा माणूस वाटप करणारा नसावा. ‘नाही म्हणालात तरी मिळायचे ते मिळेलच’ हे वाक्य पहिले असावे, शेवटचे नव्हे.

संमतीपत्र एकाच सहीचे नको. अहवालासाठी, संकेतस्थळ व समाजमाध्यमांसाठी आणि वृत्तपत्र व फ्लेक्ससाठी अशा तीन वेगळ्या चौकटी असाव्यात, आणि प्रत्येकीवर वेगळी खूण घ्यावी. अहवालात फोटो चालेल पण फेसबुकवर नको, असे म्हणणाऱ्या बायका कितीतरी भेटतात आणि त्यांचे म्हणणे रास्त असते. नाव खरे द्यायचे की बदलून, गाव सांगायचे की फक्त तालुका, हेही तिथेच विचारावे. मुदत घालावी, दोन वर्षे पुरेत. फोटो मागे घ्यायचा असेल तर कोणाला फोन करायचा तो क्रमांक मोठ्या अक्षरात छापावा आणि कागदाची एक प्रत त्या घरात राहू द्यावी. वाचता न येणाऱ्याला कागद वाचून दाखवावा. मेळघाटात कोरकूत, नंदुरबारला पावरी किंवा भिलीत तो सांगणारा माणूस सोबत न्यावा आणि होकार अर्ध्या मिनिटाच्या ध्वनिमुद्रणात घ्यावा. नुसता अंगठा घेऊन काही कळत नाही. ‘सोशल मीडियावर वापरू’ या शब्दांनीही काही कळत नाही. त्याऐवजी मोबाइल हातात देऊन संस्थेचे पान दाखवावे आणि विचारावे, “ताई, हा फोटो तुमच्या भाच्याच्या मोबाइलवर येईल, नणंदेच्या गावातही दिसेल. चालेल?” या प्रश्नावर जे उत्तर येते ते खरे. मूल असेल तर पालकांची संमती हवीच, पण मुलालाही विचारावे आणि त्याने मान फिरवली तर ते नाही समजावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानेही मुलाची वयोमर्यादा अठरा धरली आहे आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे असावे असे म्हटले आहे.

संमती मागे घेतली तर फोटो सापडायला हवा, नाहीतर त्या क्रमांकाचा उपयोग काय? म्हणून फाइलच्या नावातच तारीख, गाव आणि संमतीपत्राचा क्रमांक घालावा. बहुतेक संस्थांचे घोडे इथेच अडते. फोटो पाच कार्यकर्त्यांच्या फोनमध्ये, तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि कोणाच्या तरी गुगल फोटोजमध्ये आपोआप चढलेले असतात. कार्यक्रमानंतर सात दिवसांत सगळे फोटो संस्थेच्या संगणकावर आणि एका हार्ड डिस्कवर जावेत, आणि खासगी फोनमधले पुसले जावेत, असा लेखी नियम हवा.

फोटो काढतानाची पहिली सूचना, बसा. उभ्याने खाली कॅमेरा धरला की जमिनीवर बसलेला माणूस लहान दिसतो आणि वर बघणारे डोळे आपोआप केविलवाणे होतात. त्या माणसाच्या मनात तसे काही नसते, तो कोन आपण लादलेला असतो. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावा. फोनच्या ०.५ च्या भिंगाने चेहरा काढू नये, जवळचे नाक मोठे होते आणि कडेचे हात ताणले जातात. १ किंवा २ वर ठेवून चार-पाच फूट लांब राहावे. दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात. पत्र्याच्या घरात उंबऱ्याच्या आत दोन-तीन फुटांवर, दाराकडे तोंड करून बसवले की असा मऊ उजेड मिळतो जो कुठल्याही दिव्याने मिळत नाही. आणि बाई म्हणाली, “थांबा, साडी बदलून येते,” तर दहा मिनिटे थांबावे. साडी बदलली की गरिबी दिसत नाही, अशी काळजी काही संस्थांना वाटते. पण कसे दिसायचे हे ठरवायचा हक्क ज्याचा फोटो आहे त्याचाच.

कुपोषणाचे उदाहरण घेऊ. खपाटीला गेलेल्या पोटाचा, माशा बसलेल्या चेहऱ्याचा फोटो वर्षानुवर्षे वापरला गेला आहे. त्याऐवजी अंगणवाडीत दंडघेराची पट्टी मोजताना जवळून फोटो घ्यावा. चौकटीत बाळाचा दंड, त्यावरची तीन रंगांची पट्टी आणि आईची बोटे, एवढेच. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की खूण लाल भागात येते, साडेबारापर्यंत पिवळ्यात, पुढे हिरव्यात. हा आकडा फोटोओळीत दिला की वाचकाला तीव्र कुपोषण म्हणजे नेमके किती बारीक दंड ते दिसते. रडक्या चेहऱ्यातून ते कधीच कळले नसते. आणि बाळ कोणाचे, हेही कोणाला कळत नाही.

चेहरा लपवायचा असेल तर तो टिपतानाच लपवावा. पाठमोरे, हात, चपला, दारातली सावली असे कितीतरी करता येते. नंतर धूसर करण्यावर विसंबू नये. व्हिडिओत मान हलली की धूसर ठिपका एखाद्या क्षणी मागे राहतो आणि तेवढ्यात कोणीही ते दृश्य थांबवून चेहरा पाहू शकते. खिडकीसमोर बसवून काळी आकृती घ्यायची असेल तर फोनचे एचडीआर आधी बंद करावे. ते चालू असले की फोन स्वतःहून अंधारा भाग उजळतो आणि चेहरा परत दिसू लागतो. घेतलेला फोटो संपादनात उघडून उजेड शेवटपर्यंत वाढवून पाहावा. नाक-डोळे दिसले तर ते इतरांनाही दिसतील. काळा भाग आणखी गडद करून नवी प्रत काढावी, मूळ प्रत पाठवू नये. आवाजही ओळखीचा असतो. यंत्राने जाडा-बारीक केलेला आवाज उलटा फिरवता येतो, म्हणून ते बोलणे दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतलेले बरे.

चित्रफितींत सगळ्यात जास्त बिघडतो तो आवाज. कॉलरचा माइक पदराला लावला की सिंथेटिक साडीची खसखस येते, आणि मंगळसूत्राचे मणी त्यावर वाजत राहतात. हनुवटीखाली वीतभर अंतरावर, मंगळसूत्राच्या बाजूला, खांद्याकडे पिनने पक्का केलेल्या पदराच्या काठाला तो अडकवावा. पंखा बंद करावा, फोन विमान मोडवर ठेवावा, आणि बोलणे संपल्यावर त्या खोलीची शांतता अर्धा मिनिट टिपून ठेवावी, संकलनात जोड झाकायला ती लागते. ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे सरकताना दिसतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि फोन मात्र सेकंदाला ३० चौकटींवर ठेवलेला असतो. २५ चौकटी आणि १/५० शटर ठेवले की पट्टे जातात. प्रत्येक दृश्य दहा सेकंद न हलता धरावे. ‘तुम्हाला तेव्हा कसं वाटलं?’ हा प्रश्न नवरा गमावलेल्या बाईला विचारू नये. ‘सकाळी उठल्यापासून काय काय करता?’ असे विचारले की ती शेत, शेळ्या, बँकेच्या फेऱ्या, मुलीची फी सगळे सांगते, आणि संस्थेचे काम त्यात कुठे बसते तेही दिसते. बोलता बोलता रडू आलेच तर कॅमेरा खाली ठेवावा.

देणगीदार कंपन्यांनाही दोन शब्द. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या पैशांसाठी ‘जिओटॅग केलेले’, म्हणजे जागेची नोंद असलेले लाभार्थ्यांचे फोटो मागितले जातात, आणि कार्यकर्ते फोटोवरच अक्षांश-रेखांश छापणारे ॲप वापरतात. ते आकडे सहा दशांश स्थळांपर्यंत असतात. फोनची चूक धरली तरी मुलगी कुठल्या घरात राहते ते पाच-दहा मीटरच्या आत कळते. फाइलच्या आत दडलेली जागेची नोंद पुसता येते, चित्रावर छापलेली नाही. जिओटॅग विंधनविहिरीचा घ्या, स्वच्छतागृहाचा घ्या, वर्गखोलीचा घ्या. माणसांच्या संख्येसाठी सह्यांची नोंदवही आहे. पडताळणीची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि तिथून प्रसिद्धीला काहीही जाऊ नये.

रडक्या चेहऱ्याने पैसे जास्त येतात, असे काही संस्थाचालक सांगतात. ते खोटे नाही, परदेशात झालेल्या अभ्यासांतही तसे आढळले आहे. पण २००७ च्या एका गाजलेल्या अभ्यासात असेही दिसले की लाखोंच्या आकडेवारीपेक्षा नाव असलेल्या एका माणसाची गोष्ट लोकांचा हात खिशाकडे नेते. त्या माणसाने रडायलाच हवे असे नाही. स्वतःच्या होकाराने, स्वतःच्या शिवणयंत्रापाशी बसलेली एक प्रौढ बाई पुरेशी आहे. लहान मुलाच्या रडण्यावर उभारलेला निधी त्या मुलाला विचारून उभारलेला नसतो, आणि तो फोटो त्याच्या लग्नापर्यंत इंटरनेटवर राहतो. परवानगी टाळण्यासाठी आता एआयने बनवलेली दीनवाणी मुले वापरली जातात. तेही नको, त्यात जुनाच साचा परत येतो.

फोटोओळीबाबत आपल्याला खास विनंती. २०१९ साली बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अशा बातमीखाली फडात मोळी उचलणाऱ्या कुठल्याही बाईचा चेहरा छापला की गावासाठी ‘तिचेही काढलेय’ असा अर्थ होतो. तिथे कोयता, मोळी, कोपीसमोरची (ऊसतोड कामगारांच्या खोपटासमोरची) चूल दाखवावी. चेहरा तिच्या होकारानेच आणि तिच्याच म्हणण्यासोबत यावा.

संस्थेकडून आलेल्या फोटोसोबत संमतीपत्र आहे का, त्यात वृत्तपत्राच्या चौकटीवर खूण आहे का आणि फोटो कोणत्या तारखेचा आहे, एवढी तीन उत्तरे आपल्या वार्ताहरांनी मागावीत. बालगृहातल्या मुलांचे चेहरे असलेला फोटो बालकल्याण समितीच्या लेखी परवानगीशिवाय आला तर परत पाठवावा. वह्यांच्या बातमीला फोटो हवाच असेल तर वर्गाच्या कपाटात लावलेल्या वह्यांचा छापावा, किंवा मागच्या बाकावरून घेतलेला, ज्यात मुलांच्या पाठी आणि फळ्यावरचे गणित दिसते. यंदाच्या जूनपासून हे सुरू करता येईल.

आपले,
सामाजिक संस्थांसाठी छायाचित्रण करणारे काही कार्यकर्ते, पुणे