स्मृतीच्या शोधातलं राहून गेलेलं नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला स्मरणशक्तीवरचा लेख वाचला. १९५३ साली अमेरिकेतल्या हार्टफर्ड इथे विल्यम स्कोव्हिल या शल्यचिकित्सकाने फिट्स थांबाव्यात म्हणून २७ वर्षांच्या एका तरुणाच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी तयार करणाऱ्या भागाचा) बराचसा भाग दोन्ही बाजूंनी काढला आणि त्यानंतर त्या तरुणाच्या नवं काही लक्षातच राहीना, ही एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाची हकिगत लेखकाने मनापासून सांगितली आहे. मात्र पुढचं सगळं ‘संशोधकांना असे आढळले’ एवढ्यावर आटोपलं. हे आढळलं ते मेंदू आणि स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांना. त्यांचं नाव लेखात कुठेही नाही, याची चुटपुट लागली म्हणून लिहिते आहे.

माझे यजमान एसटीत वाहक होते. चार वर्षांपूर्वी मेंदूज्वरातून उठले, पण सकाळचा चहा झाला हे दुपारी आठवेना. चिपळूण-कराड गाडीचे पोफळी, कोयनानगर, पाटण हे थांबे मात्र आजही घडाघडा म्हणतात. आमच्या थेरपिस्ट बाई म्हणाल्या, “त्यांना हाताचं काम शिकवा, तेही पूर्वी कधी न केलेलं. हात शिकतील.” माझा विश्वास बसला नाही. तेव्हा त्यांनी मिल्नर यांच्या चांदणीची गोष्ट सांगितली.

मिल्नर मूळच्या इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या, जन्म १९१८चा. कॅनडात मॉन्ट्रियलला मेंदूचे शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड यांनी शस्त्रक्रिया केलेले रुग्ण त्या तपासत. त्यात पी. बी. हे इंजिनियर होते. शस्त्रक्रिया फक्त डाव्या बाजूला झालेली, तरी स्मृती गेली. उजवा हिप्पोकॅम्पस आधीच निकामी असणार, असा तर्क या दोघांनी मांडला. १९६४ मध्ये शवविच्छेदनात तो खरा ठरला. पण त्याच्या कितीतरी आधी, १९५५ मध्ये, हे निरीक्षण वाचून स्कोव्हिल यांनी पेनफिल्डना फोन केला, की असाच एक रुग्ण माझ्याकडेही आहे. मिल्नर रात्रीची रेल्वे पकडून हार्टफर्डला जाऊ लागल्या. १९५७ साली स्कोव्हिल आणि मिल्नर या दोघांच्या नावाने एच. एम.वरचा शोधनिबंध आला. हिप्पोकॅम्पस दोन्ही बाजूंनी काढू नये, हे शल्यचिकित्सकांना त्यातून कळलं.

मला जवळची वाटते ती चांदणी. एकात एक अशा दोन रेषांनी काढलेली चांदणी, त्या रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. पण हाताकडे थेट बघायचं नाही, आरशात बघायचं. आपली पेन्सिलसुद्धा प्रत्येक कोपऱ्यावर अडखळेल. एच. एम. यांनी तीन दिवसांत हे ३० वेळा केलं. चुका कमी होत गेल्या, तिसऱ्या दिवशी रेघ सफाईने फिरली. आणि हे आपण पूर्वी केलंय याची त्यांना गंधवार्ताही नव्हती. प्रसंगांची आठवण आणि हातांचं शिकणं यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत, हे एका कागदावर दिसलं. मिल्नर त्यांना वर्षानुवर्षं भेटत राहिल्या आणि प्रत्येक भेटीत एच. एम. यांच्या दृष्टीने त्या नवख्याच असत.

स्मृतीवरचं पुढचं किती काम या पायावर उभं आहे! नोबेल मिळालेले एरिक कँडेल यांनी १९९८ मध्ये मिल्नर यांच्यासोबत स्मृतिसंशोधनाचा आढावा लिहिला. मेंदूविज्ञानासाठीचा २०१४ चा काव्हली पुरस्कार मिल्नर यांना जॉन ओ’कीफ आणि मार्कस रेचल यांच्यासह मिळाला, तेव्हा त्या ९६ वर्षांच्या होत्या. अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाची भाषा आणि स्मृती तपासून घेतात, त्या पद्धतीतही त्यांचा मोठा वाटा आहे. हे सगळं ‘संशोधकांना आढळले’ या दोन शब्दांत कसं मावेल?

आम्ही नायलॉनच्या वायरची पिशवी विणायला घेतली. पहिला तळ जमायला महिना गेला. आता आठवड्याला एक पिशवी होते. रोज सकाळी वायर हातात दिली की हे म्हणतात, “मला कुठे येतंय हे?” आणि बोलता बोलता बोटं पहिली गाठ मारून मोकळी झालेली असतात.

पुरवणीत मिल्नर यांच्यावर स्वतंत्र लेख द्यावा ही विनंती. मेंदूज्वर, अपघात किंवा पक्षाघातानंतर आमच्यासारखीच दिवस काढणारी घरं आपल्या वाचकांत नक्की आहेत. लेख आला की कात्रण मी थेरपिस्ट बाईंना नेऊन देईन, त्यांच्याकडे येणाऱ्या नातेवाइकांना वाचायला.

आपली नम्र,
एक वाचक, चिपळूण