पोर्ट्समथचं बिनछपराचं चर्च

ती. आप्पा आणि आई,
शि. सा. न. वि. वि.

व्हॉट्सॲपवर फोटो टाकले की आप्पा नुसता अंगठा दाखवतात आणि आई विचारते स्वेटर का नाही घातलास, म्हणून यावेळी बसून नीट लिहितेय. आज्जीला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि पिंट्याला म्हणावं मोबाईल ठेव बे जरा.

रविवारी इथं इंग्लंडातल्या जुन्या पोर्ट्समथात गेलेले, समुद्राच्या तटाला लागून. तिथं रॉयल गॅरिसन चर्च आहे, म्हणजे छावणीतल्या सैनिकांचं चर्च. तिकीट नाही काही. दारातनं आत गेले आणि वर बघितलं तर आभाळ! छप्परच नाही. दगडी खांब, कमानी, भिंती सगळं जागेवर, आणि वरनं सीगल ओरडत चाललेत. 10 जानेवारी 1941 च्या रात्री जर्मन विमानांनी या शहरावर आगीचे बॉम्ब टाकले, त्यात मधल्या मोठ्या दालनाचं छप्पर जळालं. टाऊन हॉलपण त्याच रात्री जळाला. पुढचा भाग, जिथं वेदी असते तो, सैनिकांनी धडपड करून वाचवला. नंतर टाऊन हॉल परत उभा केला, चर्चचं हे छप्पर मात्र मुद्दाम घातलं नाही, अजून तसंच आहे. मला आवडलं ते. आपल्याकडं असतं तर कुणीतरी पत्रा टाकून वर टाइल्स बसवल्या असत्या, आप्पा रागावू नका, पण खरंय की नाही?

तिथं एक म्हातारे व्हॉलंटिअर होते, त्यांच्याशी लै गप्पा झाल्या. त्यांनी सांगितलं आणि मग घरी येऊन मीपण वाचलं, की ही जागा मुळात चर्च नव्हती. साधारण 1212 मध्ये विंचेस्टरच्या बिशपनं, पीटर दे रोश त्याचं नाव, वाटसरू, यात्रेकरू, आजारी आणि म्हातारी माणसं यांच्यासाठी बांधलेली, डोमस डेई म्हणायचे तिला. थोडक्यात आपली धर्मशाळाच, दवाखाना जोडलेली. मग 1540 मध्ये आठव्या हेन्री राजानं मठ-बिठ बंद केले तेव्हा हीपण गेली आणि तिथं दारूगोळा ठेवायला लागले. आजाऱ्यांच्या खाटा होत्या तिथं तोफेचे गोळे. पुढं आवारात गव्हर्नरचं घर झालं आणि प्रार्थनेची जागा छावणीला मिळाली.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आप्पांना आवडेल. 1450 च्या जानेवारीत ॲडम मोलेन्स नावाचा बिशप इथं खलाशांचा थकलेला पगार घेऊन आला, पण पैसे पुरेसे नव्हते. खलाशी इतके चिडले की त्याला जिवेच मारला. मग सगळ्या गावालाच धर्मातनं वाळीत टाकलं ते 1508 पर्यंत! पगार थकल्यावर माणसाचं डोकं कसं फिरतं ते गिरणीवाल्या सोलापूरकरांना मी काय सांगू.

आता आईसाठी. मे 1662 मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांचं लग्न इथंच, या डोमस डेईच्या आवारात लागलं. आणि त्या लग्नाच्या करारात हुंडा म्हणून काय होतं, तर रोख रक्कम, आफ्रिकेतलं टँजिअर आणि आपली मुंबई! हे शाळेत पाठ केलेलं, परीक्षेत एक मार्काला यायचं, पण ते लग्न एखाद्या खऱ्या जागी लागलं असेल, तिथं बसनं जाता येत असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी त्या गवतात उभी राहून वेड्यासारखी हसत होते. राजाला मुंबई सांभाळणं परवडेना म्हणून 1668 मध्ये त्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, वर्षाला 10 पौंड भाड्यानं. आज 10 पौंडात माझं बसभाडं आणि जेवण धड निघत नाही.

आणि मग पुढचं सगळं जुळतच गेलं. कंपनी मुंबईत बसली, वाढत गेली, 1818 मध्ये पेशवाई बुडताना जनरल मन्रोनं आपल्या भुईकोट किल्ल्याला वेढा घालून सोलापूर घेतलं आणि आपण मुंबई इलाख्यात गेलो. याच चर्चच्या आवारात जनरल चार्ल्स नेपियरची कबर आहे, ज्यानं 1843 मध्ये सिंध जिंकलं तो. ते सिंधपण 1847 मध्ये मुंबई इलाख्यालाच जोडलं, 1936 पर्यंत तसंच होतं. म्हणजे जिथं मुंबई हुंड्यात गेली तिथंच सिंध घेणारा झोपलाय, आणि मधल्या सगळ्या भानगडीत आपण! लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात त्याचा पुतळा आहे, त्याला वर्गणी देणाऱ्यांत सर्वात जास्त साधे शिपाईच होते म्हणे. शिपायांचा लाडका असणार. सिंधवाल्यांना कोण विचारतंय.

आगीतनं वाचलेल्या भागात अजून प्रार्थना होते. बसायच्या लाकडी जागा नेल्सन, वेलिंग्टन असल्या मोठ्या लोकांच्या स्मरणार्थ केल्यात, आणि युद्धानंतर बसवलेल्या रंगीत काचांवर जागेचाच इतिहास काढलाय. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. पण मिलिटरीचं चर्च असल्यामुळं लढायला गेले त्यांचीच आठवण, ज्यांच्यावर चालून गेले त्यांचा विषयच नाही. आमच्या सोलापुरात 1930 च्या मे महिन्यात मार्शल लॉ, म्हणजे लष्कराची राजवट, होता, हे मी त्या म्हाताऱ्यांना सांगितलं, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलं तेही सांगितलं. त्यांनी चारही नावं माझ्याकडनं वहीत लिहून घेतली, स्पेलिंग विचारून. नुसतं मान हलवून सोडलं असतं तर मला राग आला असता, पण त्यांनी लिहून घेतलं.

पिंट्या, तुला काम. पार्क चौकात चार हुतात्मा पुतळ्यापाशी जाऊन फोटो काढ, पाटीवरची अक्षरं नीट वाचता येतील असा, सेल्फी नको बे. मला त्या म्हाताऱ्यांना दाखवायचाय, ते दर रविवारी असतात तिथं. आप्पा, मन्रोनं किल्ल्याच्या कुठल्या बाजूनं तोफा लावलेल्या ते तुमच्या पुस्तकात असेल तर तेवढं पान पाठवा. आणि आज्जीला मार्शल लॉबद्दल तिच्या वडलांनी काय काय सांगितलेलं ते विचारून रेकॉर्ड करा, ती दुपारी झोपून उठली की मूडमध्ये असते तेव्हाच विचारा.

आई, शेंगाची चटणी संपली. कडक भाकरी आहेत अजून. आणि हो, स्वेटर घातला होता, फोटोत दिसत नाही कारण वरनं जॅकेट होतं.

तुमची,
वैशू